कसर कायम ठेवण्याबाबत

माणसं जातात, ठराव राहतात. संस्था टिकते ती ठरावांवर.

हे वाक्य माझं नाही, आमच्या ग्रंथालयाच्या अध्यक्षांचं आहे. दर वार्षिक सभेत ते उभे राहत, डावी मिशी दोन बोटांनी सारखी करत, हे वाक्य उच्चारत आणि टाळ्यांना जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ थांबत. टाळ्या येत नसत. नारायण पेठेत टाळ्या सहजासहजी मिळत नाहीत. पण वाक्य खरं होतं हे मला पुढे पटलं. ते पटवून दिलं एका सेंटिमीटरभर लांबीच्या किड्याने, आणि तो किडा अकरा वर्षं सांभाळणाऱ्या एका गृहस्थांनी.

त्यांची माझी पहिली भेट अंधारात झाली. मी अमरावतीहून येऊन साहाय्यक ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले होते. संदर्भ विभागाच्या आतल्या खोलीत गेले आणि दिवा लावला. कपाटाआडून आवाज आला, "अहो, तो दिवा मालवा. आपण घाबरता आहात."

"मी नाही घाबरले," मी म्हटलं.

"तुम्हाला कोण म्हणतंय?"

मी दिवा मालवला. थोड्या वेळाने लाल कागद गुंडाळलेली एक बॅटरी लागली आणि तिच्या उजेडात एक वयस्कर चेहरा दिसला. समोर उघडं कपाट, कपाटात ग्रंथालयाचे जुने वार्षिक अहवाल, आणि एका अहवालाच्या पाठीवरून चंदेरी काहीतरी सरसर पळत होतं. ती कसर. पुस्तकांना लागते ती. आणि चेहरा होता सरांचा. ते एका कॉलेजात कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. रोज सकाळी सव्वानऊला सायकलवरून येत आणि ग्रंथालयात एकही पुस्तक न वाचता चार तास बसत.

सर माणसांना 'तुम्ही' म्हणत आणि किड्यांना 'आपण'. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "माणसाची ओळख होते. किड्याची होत नाही. अनोळखी व्यक्तीशी आदराने बोलावं, अशी आमच्या घरची शिकवण आहे."

बुधवार आणि शनिवार मात्र ते येत नसत. ते दोन दिवस हडपसरपलीकडच्या मांजरी गावाचे. तिथे आप्पा नावाच्या एका शेतकऱ्याचा ऊस होता आणि त्या उसात हुमणी होती. हुमणी म्हणजे जमिनीत राहून उसाची मुळं खाणारी अळी: दुधाच्या सायीसारखी पांढरी, तपकिरी डोक्याची, विळ्यासारखी वाकलेली. आप्पाने आपल्या शेताच्या कडेचा एक पट्टा सरांना औषध न मारता ठेवून दिला होता. शेजारचे शेतकरी त्या पट्ट्याकडे, गावात एखादं घर बिघडलेलं असावं तसे बघत.

सरांच्या शर्टाच्या खिशात एक काचेची नळी असे, तिच्यात कसर. पँटच्या खिशात मातीने भरलेली पत्र्याची डबी, तिच्यात हुमणी. "वरती नारायण पेठ, खालती मांजरी," असं ते सांगत. त्यांचा अभ्यास म्हणजे या दोन खिशांची तुलना. एकच प्रश्न होता: एक किडा घराला धरून राहतो, दुसरा रूप बदलून राहतो, दोघांत टिकतो कोण? ह्यासाठी त्यांना दोन्ही जागा, कपाट आणि पट्टा, सलग बारा वर्षं जशाच्या तशा हव्या होत्या. एक तप. दहा वर्षं का नको, हे मी विचारलं होतं. "दहा हा बोटांचा आकडा आहे," ते म्हणाले. "पक्क्या कामाला तप लागतं."

ते तुलना समजावून सांगू लागले की ऐकणाऱ्याला आपण किड्यांबद्दल ऐकतो आहोत की शेजाऱ्यांबद्दल, हे काही वेळ कळत नसे.

"हे बघा बाई, कसर जन्मते तशीच मरते. मोठी होते, पण बदलत नाही. पंख नाहीत, कोष नाही. कात मात्र जन्मभर टाकते, म्हातारपणीसुद्धा. म्हणजे सुधारणा चालू, फरक शून्य. खायला काय, तर खळ. पुस्तकाची बांधणी ज्याने चिकटवतात ती. उजेड आला की आत. महिनोन्‌महिने उपाशी राहील, पण घर सोडणार नाही. आणि लग्न? नर मादीला बोटसुद्धा लावत नाही. एक धागा ताणून ठेवतो, त्याखाली एक पुडी ठेवतो आणि बाजूला होतो. तिला वाटलं तर ती उचलते. नाही वाटलं तर नाही."

"आणि हुमणी?"

"हुमणी चार जन्म घेते. अंडं, अळी, कोष, भुंगेरा. दिवाळीनंतर भुंगेरा तयार होतो, पंखबिंख सगळं. पण वर येत नाही. उन्हाळ्यात वळीव पडून माती ओली होईपर्यंत पाच-सहा महिने खाली बसून राहतो. तयार होऊन. अहो, तयार होऊन बसून राहायला काय लागतं, हे तयार न होता बोलणाऱ्यांना नाही कळायचं." शेवटचं वाक्य बाहेर सभागृहात चाललेल्या व्याख्यानाला उद्देशून होतं.

ही दोन खाती त्यांनी माणसांनाही लावली होती. नारायण पेठ सरसकट कसर. हिंजवडीला नोकरीला जाणारी, नाव तेच ठेवून इंग्रजी उच्चार बदललेली पोरं हुमणी. आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते तीस वर्षं त्याच स्टुलावर बसत होते, म्हणून कसर. माझ्याबाबतीत त्यांना निर्णय करता येत नव्हता. "तुम्ही मूळच्या हुमणी," ते म्हणाले. "अमरावतीहून इथवर आलात. पहिल्या महिन्यात 'करून राहिले' म्हणायचात, आता म्हणत नाही. पण नोकरी कसरीची धरलीत. तुमच्यावर लक्ष ठेवावं लागेल."

त्यांनी ठेवलंही. त्यांच्या एका वहीच्या मागच्या पानावर मी माझं नाव नंतर पाहिलं. पुढे प्रश्नचिन्ह होतं.

आता ठरावाबद्दल.

मी रुजू झाले त्याच वर्षीची गोष्ट. वर्तमानपत्रांत रोज उदारीकरणाच्या बातम्या येत होत्या. देश दारं उघडत होता आणि आमचे अध्यक्ष ती लावून घेत होते. त्यांचा जीव काटकसरीत होता. पाठकोऱ्या कागदावर कार्यालयीन पत्रं, समितीला अर्धा कप चहा, आणि पंख्याच्या बटणावर 'आवश्यक आहे का?' अशी चिठ्ठी. सरांनी रीतसर अर्ज केला होता. त्यांच्या अर्जांत पाल्हाळ नसे. विषय: 'ग्रंथालयातील कसर कायम ठेवण्याबाबत.' मजकूर दीड पानाचा, शास्त्रीय नावासकट. अध्यक्ष फक्त विषय वाचत. मजकूर वाचणं हा त्यांच्या मते अर्जदारावर अविश्वास होता.

सभेचं इतिवृत्त मी लिहीत होते. अध्यक्षांनी विषय वाचला, चष्मा काढला आणि त्यांचा आवाज भरून आला.

"बघा. आज दिल्लीत उधळपट्टीला धोरण म्हणताहेत. अशा काळात एक निवृत्त शिक्षक आपल्याला लिहितो, कसर कायम ठेवा. मी म्हणतो, ठेवलीच पाहिजे. कोणाचा विरोध?"

कोणाचाही नव्हता. अर्ध्या कपाचा चहा कधीच संपला होता आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

मला कळलं होतं. अर्ज मीच नोंदवून घेतला होता, पूर्ण वाचला होता. मी तोंड उघडायला हवं होतं. पण महिन्याभराच्या नोकरीत अध्यक्षांना 'ती कसर नव्हे, ही कसर' असं सांगणं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर, वाक्य लिहिताना मला फार आनंद होत होता. 'ठराव क्रमांक सात: ग्रंथालयात कसर कायम ठेवावी, असे सर्वानुमते ठरले.' मी त्याची प्रत सरांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, ही माणसं निव्वळ खुर्च्या आहेत. चूक झाली माझी."

प्रत त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. खळीने नव्हे. खळीने लावली तर काय होईल, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

कपाट त्यांनी विचार करूनच निवडलं होतं. ग्रंथालयाचे साठ वर्षांचे वार्षिक अहवाल. ते कोणी मागत नसे, त्यामुळे नुकसान म्हणावं असं काही नव्हतं. एकदा अध्यक्षांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ निघाला: जाड, सोनेरी अक्षरांचा. सरांनी त्याची एक प्रत कपाटात ठेवून पाहिली. वर्ष गेलं, ग्रंथ कोराकरकरीत. ग्रंथाला किडा लागत नाही, एवढंच अध्यक्षांच्या कानावर आलं आणि त्यांना तो ग्रंथाचा सन्मान वाटला.

"म्हणजे किड्यालासुद्धा कळतं म्हणायचं," ते म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "जुन्या पुस्तकांना खळ असते. याला रासायनिक डिंक आहे. तुमच्यात खाण्याजोगं काही नाही."

सरांनी मला एकदा मांजरीला नेलं. ते अकरावं वर्ष होतं. बस सुटते तिथून थांब्यापर्यंत दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे फलक होते, सगळ्यांवर हिरवळ आणि हसणारं एक गोरं कुटुंब. आप्पा बांधावर वाट बघत उभे होते. दिवस कलला होता. सरांनी बाभळीखाली जुनं धोतर अंथरलं, मी आणि आप्पांनी फांद्या हलवल्या आणि तपकिरी भुंगेरे टपटप खाली पडू लागले. सर गुडघ्यांवर बसून मोजत होते, प्रत्येकाला "आपण इकडे, आपण इकडे" म्हणत बाजूला घेत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्मा घामाने घसरलेला, पाठीवर दोन भुंगेरे चढलेले. इतका गुंतलेला माणूस मी आमच्या ग्रंथालयात कधी पाहिला नव्हता. आणि आमच्याकडे तर लोक वाचायला येत.

मोजणी झाल्यावर आप्पा म्हणाले, "सर, एक सांगायचं हाय. रान दिलं."

"कोणाला?"

"बिल्डरला. पोरं म्हणत्यात, ऊस कशाला करायचा आता. बारा मजले होणार हायत."

सर बराच वेळ धोतराची घडी करत होते. मग म्हणाले, "आप्पा, तेवढा पट्टा ठेवायला सांगता येईल? एकच वर्ष. तप पुरं होतंय."

"सर, सातबारा त्याच्या नावावर झाला. आता हुमणी बी त्याच्याच नावावर."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेरचे फलक बघत होते. हडपसर आलं तेव्हा म्हणाले, "हुमणी संपली. काँक्रीट ओतल्यावर मुळं कुठून येणार? निष्कर्ष लिहायला हरकत नाही. कसर टिकते. घराला धरून राहणारं टिकतं." त्यांना आनंद झाला नव्हता. एक पट्टा गेला होता आणि आता सगळी भिस्त एका कपाटावर होती. उरलेलं एक वर्ष ते कपाट जसं होतं तसं राहिलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच वर्षी आमच्याकडे संगणक आले. एका आयटी कंपनीने दहा दिले. संगणक यायचे तर खोल्या स्वच्छ हव्यात, म्हणून अध्यक्षांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो पाठीवर टाकी घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"मॅडम, आत कपाटाला कागद लावलाय. 'कसर कायम ठेवावी.' सही-शिक्का आहे. मग मला बोलावलं कशाला?"

मी बाकीच्या खोल्या करून घेऊन त्याला परत पाठवलं. सर कोपऱ्यातल्या बाकावरून हे बघत होते. चेहरा उजळला होता. "बघा बाई, अकरा वर्षांपूर्वी समितीने किती दूरचा विचार केला होता. मी त्यांना एक आभाराचं पत्र लिहितो."

त्या पत्राची मला भीती वाटली. म्हणून मी त्यांना सांगितलं. काटकसर, उदारीकरण, भरून आलेला आवाज, सगळं. आणि मला तेव्हाच माहीत होतं, हेही.

सर शर्टाच्या खिशातली नळी काढून तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी अकरा वर्षं काटकसरीच्या परवान्यावर बसलोय."

"सर, कोणाला कळलेलं नाही. एकच वर्ष राहिलंय."

"मला कळलंय ना आता." ते उठले. "चुकीच्या नोंदीवर उभं केलेलं निरीक्षण बाद. तिथे मला सवलत नाही."

"पण सांगितलंत तर उद्या औषध मारतील."

"मारतील," ते म्हणाले. "मला बैठकीची वेळ सांगा."

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. पुढच्या काळात मला अनेक प्रामाणिक माणसं भेटली. पण ज्याचा प्रामाणिकपणा फक्त त्याच्याच मुळावर येतो, असा माणूस हा एकच.

बैठक होती शुक्रवारी. नेमका आयटी कंपनीचा एक तरुण व्यवस्थापक उद्घाटनाचं ठरवायला आला होता. अध्यक्ष त्याला ग्रंथालयाची परंपरा सांगत होते. सर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "एक खुलासा करायचा आहे. ठराव क्रमांक सात. समितीची समजूत अशी झाली असावी, की मी काटकसरीबद्दल लिहिलं. मी किड्याबद्दल लिहिलं होतं. आपल्या कपाटात अकरा वर्षं कसर आहे, ती मी ठेवली आहे. परवानगी चुकून मिळाली असेल तर ती मागे घ्यावी."

मी इतिवृत्ताच्या वहीत बघत होते. अध्यक्षांपुढे दोन वाटा होत्या. एक, अर्ज न वाचता सही केली हे पाहुण्यासमोर मान्य करणं. दुसरी त्यांनी घेतली.

"सर," ते म्हणाले, "या समितीने आजवर एकही अर्ज न वाचता मंजूर केलेला नाही. आम्हाला किडाच अभिप्रेत होता."

"किडाच?" सरांनी विचारलं.

"किडाच."

व्यवस्थापक पुढे झुकला. "सर, धिस इज अमेझिंग! म्हणजे तुम्ही लोकांनी तेव्हाच बायोडायव्हर्सिटी प्रिझर्व्ह केलीत? इतक्या अर्ली? आमच्या न्यूजलेटरला हे गेलंच पाहिजे."

अध्यक्षांनी मिशी सारखी केली. पाच मिनिटांत ठरलं, की संगणक कक्षाबरोबर त्या कपाटाचंही उद्घाटन करायचं. पितळी पाटी लावायची: 'संरक्षित कसर. ठराव क्रमांक सात अन्वये.' सर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे मला अपेक्षित नव्हतं." बाहेर पडताना मात्र ते सायकलवर टांग मारायच्या ऐवजी ती हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. ते फार खूश असले की असं करत.

उद्घाटनाच्या तयारीची यादी मी केली. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, फुलं, पेढे. शेवटी 'कपाट: स्वच्छ करून पॉलिश करणे' ही ओळ अध्यक्षांनी सांगितली आणि मी लिहिली. सही माझीच आहे. सर त्या आठवड्यात मांजरीला जमिनीवर यंत्रं यायच्या आत शेवटची माती आणायला गेले होते, आणि माझ्या डोक्यात ध्वनिक्षेपक होता.

मामांनी काम मनापासून केलं. तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणी पितळी पाटीच्या जवळचं काम दिलं होतं. त्यांनी सगळे अहवाल काढून दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवले, झटकले. कपाट आतून-बाहेरून घासलं, दोन हात पॉलिश दिलं. आणि परत लावताना प्रत्येक कप्प्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कारण पाहुणे येणार आणि वास चांगला यायला हवा.

समारंभ झाला. व्यवस्थापकाच्या साहेबांनी फीत कापली. अध्यक्ष निसर्ग आणि ज्ञान यांच्या अतूट नात्यावर चाळीस मिनिटं बोलले. सरांना शाल दिली. सर सबंध वेळ कपाटाकडे बघत होते आणि नाक किंचित उडवत होते. लोक पेढ्यांकडे वळल्यावर त्यांनी दार उघडलं, लाल कागदाची बॅटरी काढली आणि एकेक अहवाल उघडून पाहिला. मी शेजारी उभी होते. तळाच्या कप्प्यात कोपऱ्यात, चिमूटभर चंदेरी धुळीसारखं काहीतरी होतं.

मामा मागे येऊन उभे राहिले होते. हातात पेढ्यांची ताटली. त्यांना काय झालं ते कळलं आणि तोंड उतरलं. "सर, माझं चुकलं का?"

"नाही हो," सर म्हणाले. "तुम्ही फार छान पॉलिश केलंय." आणि त्यांनी एक पेढा घेतला. त्यांना मधुमेह होता.

मग त्यांनी वही काढून नोंद केली. ती वही आज माझ्याकडे आहे. अक्षर नेहमीसारखंच सरळ आहे. 'कपाट. संख्या: शून्य. मृत्यूचे कारण: सन्मान.'

मी यादीबद्दल बोलायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "एका वर्षाची कसर राहिली, इतकंच," ते म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही दाखवून दिलं नाही. अकरा वर्षांपूर्वी गप्प बसले होते, तशीच. कारण मात्र वेगळं होतं.

त्यानंतर ते ग्रंथालयात कमी येऊ लागले. आले की कपाट उघडत नसत, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत बसत. मी एकदा म्हटलं, शोधू या का, एखाददुसरी राहिली असेल. "शोधायची नाही," ते म्हणाले. "कसर घर सोडत नाही. भिंतीच्या फटीत असतील तर असतील. भूक लागली की बाहेर येतील. आपल्याला काय आवडेल ते आपण ठरवू शकत नाही." हे 'आपण' कोणासाठी होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोनेक वर्षांनी मांजरीहून त्यांना फोन आला. आप्पांच्या रानावर बारा मजले उभे राहिले होते. सोसायटीच्या मधोमध मोठी हिरवळ होती, फलकावर होती तशीच. ती पिवळी पडत होती. माळी औषधं मारून थकला होता. सेक्रेटरी आयटीतला होता, त्याला आप्पांनी सरांचं नाव सांगितलं. आप्पा आता तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

मी सरांना रिक्षाने घेऊन गेले. सायकल सुटली होती. सेक्रेटरीच्या हातात दोन मोबाइल होते. "अंकल, इश्यू काय आहे एक्झॅक्टली? आपण बेस्ट क्वालिटी लॉन घेतलंय."

सरांनी काठी बाजूला ठेवली, खाली वाकले आणि हिरवळीची कड धरून ओढली. सतरंजी उचलावी तशी ती उचलली गेली. खाली मुळं नव्हती. होत्या त्या पांढऱ्या, वाकलेल्या, जाडजूड अळ्या, शेजारी शेजारी.

"अय्यो!" सेक्रेटरी दोन पावलं मागे सरला. "हे काय आहे?"

"हे तुमच्या आधीचे रहिवासी," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते खाली बघत असल्याने ते फक्त मला दिसलं. "नमस्कार. आपण इथे होय?"

आप्पा हसत सुटले. "सर, म्या म्हणलं व्हतं ना, हुमणी बी बिल्डरच्या नावावर गेली!"

रिक्षात सरांनी वही मांडीवर घेतली आणि जुना निष्कर्ष एका रेघेने खोडला. "जो विनाशाने मरेल म्हटलं, तो मेला नाही. जो टिकेल म्हटलं, तो सत्काराने मेला," ते म्हणाले. "माझी तुलना पूर्ण चुकली, बाई." इतक्या समाधानाने चूक कबूल करणारा माणूस मी परत पाहिला नाही. आमच्या संस्थेत तर नाहीच. घरी उतरताना म्हणाले, "तुमच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह राहू द्या. घाई नाही."

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभा झाली नाही, कारण त्या दिवशी सभागृह एका कंपनीच्या प्रशिक्षणाला दिलेलं होतं. वर्षभरात अध्यक्षही गेले. त्यांची झाली. त्यांची मोठी तसबीर आतल्या खोलीत, पाटी लावलेल्या कपाटाच्या बरोबर वर टांगली. तिची चौकट त्यांनी हयातीतच करून ठेवली होती. फ्रेमवाला मागचा पुठ्ठा आणि फोटो नव्या डिंकाने चिकटवणार होता; अध्यक्षांनी त्याला बजावलं होतं, की खळ वापर, खळीत भागतं.

गेल्या महिन्यात नव्या समितीतल्या एकाने विषय काढला, की तसबिरीच्या काचेआड काहीतरी चंदेरी फिरतं आहे, औषध मारून घ्यावं. मी वही काढून ठराव क्रमांक सात वाचून दाखवला. तो अद्याप रद्द झालेला नाही. तसबिरीतली डावी मिशी संपली आहे.